अर्धा खर्च आपला

वडपे गावातल्या गोदामात पॅकिंगला लागले, तेव्हा आमच्याकडे दातांचाही विमा आहे म्हणून मी शेजारपाजारी किती मिरवलं होतं! डोंबलाचा विमा. उपचाराचा अर्धा खर्च आपणच भरायचा, हे पहिली दाढ ठणकली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, "रूट कॅनल केलं तर वाचेल." त्याचा अर्धा खर्चही मला झेपणारा नव्हता. दाढ काढायचा अर्धा झेपत होता. म्हटलं, काढा. दुसऱ्या दाढेच्या वेळीही तेच झालं. आता डब्यातली भाकरी मी आमटीत कुस्करून खाते. लाइनवरच्या आणखी दोघीही कुस्करतात.

परवा तिसरी दाढ दाखवायला गेले. डॉक्टरांनी आत डोकावून बघितलं आणि भुलीचं इंजेक्शन भरायला घेतलं. ही वाचली असती का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. गुमान तोंड उघडलं.