दोन काठांचा एकच विषय

तोर्न नदीच्या खोऱ्याचा अभ्यास करायचा तर एक पाय स्वीडनमध्ये आणि दुसरा फिनलंडमध्ये ठेवावा लागतो. विद्यापीठात हा विषय शिकवणाऱ्या ताइमी कैसूबाईंचं सगळं आयुष्य असं पाय फाकून उभं राहण्यात गेलं, आणि त्याबद्दल त्यांची काडीचीही तक्रार नव्हती.

यंदा मात्र विद्यापीठाला काटकसरीची हुक्की आली. विषयाचे दोन तुकडे करायचे, एक स्वीडिश विभागाला, एक फिनिश विभागाला. म्हणजे बाईंचा मांडलेला संसारच मोडणार! तपासणीला विद्यापीठाच्या समितीचे ओकरब्लूम साहेब येणार होते. बाईंनी त्यांना आपल्या स्वीडनकडच्या गावीच बोलावलं. नदीपलीकडून, फिनलंडातून, हिल्या आत्या आपली गाणारी मंडळी घेऊन चार वाजता येईल, दोन्ही काठ एकत्र गातील, साहेब ऐकतील, असा बेत.

घात केला तो त्या चारने. फिनलंडचं घड्याळ तासभर पुढे. इथलं शेंबडं पोरही वेळ सांगताना ‘आमचे’ की ‘तुमचे’ ते सांगतं. नेमक्या बाईच विसरल्या.

आत्या तिच्या चारला आली, वाट बघून वैतागली आणि लवकर जमलेल्या अलीकडच्या गायकांनाही होडीत घालून घरी घेऊन गेली. साहेब आले तेव्हा गावच्या सभागृहात नुसत्या खुर्च्या. पण हात-पाय गाळून चालणार नव्हतं. त्यांनी साहेबांना होडीत बसवलं आणि स्वतः वल्ही मारली.

पलीकडे आत्याच्या अंगणात कॉफी रंगली होती.

"आलीस का गं, प्रोफेसरीणबाई?" आत्या कडाडली. "जगाला आमच्याबद्दल शिकवतेस आणि आम्हालाच धड वेळ सांगत नाहीस!"

"चुकलं गं, आत्या."

"बस आता. अहो पाहुणे, कॉफीत चीज बुडवा, इकडची रीतच आहे ती, लाजू नका."

गाणी सुरू झाली. थोड्या वेळाने साहेब बाईंच्या कानाशी लागले. "यातले आपल्या काठाचे कोण?"

आत्याने ऐकलंच. "कशाला? परत नेताना मोजून घेणार आहात?"

सगळे खो खो हसले.

"आणि सीमा कुठे लागली?" साहेबांनी ओशाळून विचारलं.

"मघाशी," बाई म्हणाल्या, "तुम्ही होडीत बूट भिजू नयेत म्हणून पाय वर घेऊन बसला होतात तेव्हा."

साहेब कप खाली ठेवत म्हणाले, "कैसूबाई, विषयाचे तुकडे करायचे तर आधी ही मंडळी उठवून वेगवेगळी बसवावी लागतील. ते काही माझ्याच्याने व्हायचं नाही. तसंच कळवतो मी."

गाण्याचं पुढचं कडवं बाईंनी सगळ्यांत मोठ्या आवाजात, आणि चक्क बेसूर, गायलं.