काळात मागे जाण्याबद्दल तिचं मत

मुनिरकातल्या आमच्या खोलीला खिडकी नव्हती. म्हणून हिवाळ्यात आम्ही दोघी जमेल तितका वेळ गच्चीवर काढायचो, पाण्याच्या टाक्यांमधल्या उन्हात, तीळगुळाची गजक खात. ती परभणीकडची, मी नाशिकची. दोघी भौतिकशास्त्रात संशोधन करायला दिल्लीत आलेल्या. फरक एवढाच, की मी अभ्यास करायचे आणि तिला कळायचं.

तिचा विषय काळ. आमच्या डोक्यावरून विमानं इतकी खालून जात की उघडलेली चाकं दिसायची. एका दुपारी तसं विमान गेलं तेव्हा ती म्हणाली, "त्यातल्या माणसांची घड्याळं आपल्यापेक्षा वेगळी चालली आहेत. फरक इतका बारीक की कुणाला जाणवणार नाही, पण आहे. तू प्रचंड वेगाने लांब जाऊन परत आलीस ना, तर तू तरुण असशील आणि मी म्हातारी. पुढच्या काळात जायला मनाई नाहीच."

"आणि मागे?"

"समीकरणं सरळ नाही म्हणत नाहीत, हीच तर गंमत आहे. काळाची वाट वळून स्वतःलाच येऊन मिळते, अशी उत्तरं कागदावर निघतात. पण ती वाट उघडी राहायला ऋण ऊर्जा लागेल, म्हणजे रिकाम्या जागेपेक्षाही कमी. तेवढी कुणी कधी पाहिलेली नाही. मला विचारशील तर निसर्ग हे होऊ देत नाही. पण माझं मत वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं."

अशी मुलगी मी पुन्हा पाहिली नाही. तिने वर्षभरात संशोधन सोडलं. वडिलांचा रोज संध्याकाळी फोन यायचा, शेवटी मास्तरीणच होणार ना म्हणून. समोरच्या गल्लीत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मराठी मुली राहत, ती त्यांच्यात राहायला गेली. पास झाली, अधिकारी झाली, दुसऱ्या राज्यात गेली. मी मात्र नेटाने पीएचडी पूर्ण केली. मग अनेक वर्षं कॉलेजांत कंत्राटावर शिकवलं. दर जुलैत पुन्हा घेतील की नाही याची धाकधूक. एका जुलैत घेतलं नाही. आता नोएडातल्या एका खाजगी शाळेत अकरावी-बारावीला शिकवते.

मागच्या हिवाळ्यात कोपर्निकस मार्गावरच्या एका सभागृहात दिल्लीतल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. पत्रिकेवर प्रमुख पाहुणी म्हणून तिचं नाव दिसलं, म्हणून गेले. विषय होता विज्ञान आणि आपली परंपरा. ती छान बोलली, आवाज तोच. आणि बोलता बोलता म्हणाली, "काळातून मागे-पुढे जाण्याची विद्या आपल्या पूर्वजांकडे होती. पाश्चात्त्य शास्त्रज्ञ आज तिथे पोहोचू पाहताहेत."

टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतली मोठी माणसं माना डोलवत होती. मी उभी राहिले. माईक मिळाला नाही, म्हणून वर्गात बोलते तशी मोठ्याने बोलले. पुढे जाणं म्हणजे काय, उपग्रहातली घड्याळं का जुळवून घ्यावी लागतात, मागे जाण्याची अडचण कुठे आहे, सगळं. जे गच्चीवर ऐकलं होतं तेच, जवळपास तिच्याच शब्दांत. सूत्रसंचालक म्हणाले, "ताई, अच्छा प्रश्न आहे, पण वेळ कमी आहे." ती व्यासपीठावरून माझ्याकडे बघून ओळखीचं हसली.

चहाच्या वेळी तिने मला बाजूला घेतलं. "मध्येच उभी राहिलीस ते बरं दिसलं नाही गं."

"तू जे बोललीस ते बरं दिसलं?"

"अगं, कुणाचं काय बिघडलं? लोक खूश होऊन घरी जातात. पुढे कोण बसले होते पाहिलंस ना?"

"तुला खरं काय ते माहीत आहे. त्या सभागृहात तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं."

"माहीत होतं. आता समीकरण समोर ठेवलंस तर वाचतासुद्धा येणार नाही मला." हे ती इतक्या सहज म्हणाली, की माझ्या हातातला चहा मला पिववेना.

मी म्हटलं, "मला कधी मागे जाता आलं ना, तर मी त्या गच्चीवर जाईन."

तिने माझ्याकडे खरोखरच नवलाने पाहिलं. "त्या गच्चीवर? कावीळ झाली होती मला तिथे. बाबांचा फोन वाजला की उचलूच नये असं वाटायचं. तू नाशिकला आईला सांगायचीस की इथे किती मजा आहे, आणि मला वाटायचं, हिला काही दिसतच नाही. चुकूनही परत जाणार नाही मी."

फोनचं आणि काविळीचं मला माहीत होतं. पण तिथे ती सुखी होती असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या धरून चालण्यावरच तिच्यावरचा राग उभा होता, आणि माझा स्वतःचा हट्टही. ती फुकट गेली असं म्हणत राहिले, म्हणजे मी टिकून राहिले याला काही अर्थ उरत होता.

तिची गाडी आली. "चलो, सोडते तुला," ती म्हणाली. मी मेट्रोने जाते म्हटलं. तिने आग्रह केला नाही.

पुढच्याच आठवड्यात त्या भाषणाचा व्हिडिओ आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आला. मी पाहिला. टाळ्यांनंतर सरळ आभारप्रदर्शन होतं. मी उभी राहिले होते तो भाग कापून टाकला होता. खाली प्रिन्सिपल मॅडमनी हिंदीत लिहिलं होतं, की फिजिक्सच्या मुलांना हे जरूर दाखवा, किती मोठ्या अधिकारी बोलत आहेत. मॅडमना मराठी कळत नाही. मी प्रोजेक्टर बंद पडल्याचं कळवलं. तो चालत होता.