बाबांना दुखत नसे

आधी आयोडिनचा वास यायचा, मग ती तपकिरी धार गुडघ्यावरच्या सोललेल्या मांसात उतरायची, आणि या दोहोंच्या मधल्या क्षणात… बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत असायचे. बार्शीतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, तापलेली दुपार, मोरीच्या कट्ट्यावर बसवलेला मी, आणि नुकत्याच कॉलेजातून आलेल्या बाबांच्या बोटांना चिकटलेला खडू. कापूस ते इतक्या हलक्या हाताने फिरवत, की त्या हाताखाली आयुष्य काढावं. पण माझ्या तोंडून साधा हुंकार निघाला, की तो हात थांबायचा. बाटलीचं बूच लागायचं. “रडून झालं की ये,” असं म्हणून ते वर्तमानपत्र घेऊन बसत, आणि माझ्या उघड्या जखमेवर माश्या बसत. आई स्वयंपाकघरात परातीशी उभी असायची. तिला बाहेर यायची मनाई होती.

बाबा तत्त्वज्ञान शिकवायचे. ज्याचं दुःख दुसऱ्याला दिसलं तो त्याचा गुलाम झाला, हा त्यांचा सिद्धांत. वर्गात मुलं झोपा काढत, त्यामुळे सगळी मात्रा आम्हालाच मिळे. मीही शिकलो. विटीने भुवई फुटली तेव्हा मी चकार शब्द काढला नाही, आणि त्या संध्याकाळी बाबांनी पाठीवरून हात फिरवला – लांब, सावकाश, खडूच्या वासाचा. पुढे कितीतरी वेळा मी मुद्दाम पडलो आहे.

आई गेल्यावर, २०२० साली, ते आयर्लंडमध्ये क्लोनडॉकिनला माझ्याकडे थोड्या दिवसांसाठी आले आणि विमानंच बंद झाली. शरद ऋतूतल्या एका ओल्या सकाळी ते न्हाणीघरात पडले. मी वरच्या खोलीत कारखान्याच्या मीटिंगमध्ये होतो. धप्प असा आवाज आला, तो मला शेजारचा वाटला. मीटिंग संपेपर्यंत ते थंडगार फरशीवर, मोडलेल्या खुब्यावर पडून होते. मोडेन पण वाकणार नाही म्हणणारा माणूस अखेर मोडला, पण हाक काही मारली नाही.

“तुझं काम चाललं होतं,” ते म्हणाले. मला रडू नाही आलं, संताप आला.

इस्पितळात भेटायला बंदी होती. फोनवर नर्स कौतुकाने सांगायची, “ही इज ग्रँड, युअर डॅड. नेव्हर कम्प्लेन्स.” ते घरी आले तेव्हा समोरच्या खोलीत पलंग लावला. त्यांना पुसायचं, कुशीवर वळवायचं, हे सगळं माझ्याकडे आलं. भिजवून सोललेल्या बदामासारखी त्यांची पाठ, औषधी मलमाचा वास, खिडकीबाहेर ढगांतून न सुटणारा दिवस… आणि चादर आवळून धरलेली त्यांची मूठ.

“बाबा, दुखतंय का?”

“ठीक आहे.”

दारातून माझी सात वर्षांची मुलगी इरा मला म्हणाली, “बाबा, ही इज इन पेन. लुक ॲट हिज हँड.” मला काय दिसत नव्हतं? पण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, एकदाच. माणूस जन्मतो तोच दुसऱ्याच्या हातांत, आणि जातोही दुसऱ्याच्याच हातांवरून. परावलंबन हा आपला अपघात नव्हे, पिंडच आहे, हे मला त्यांच्याशी एकदा वाद घालून बोलायचं होतं. ते बोलणं कधीच झालं नाही. कधी कधी मनात येई – यांना जरा जोरात वळवावं, कण्हतील तरी. खरंच येई.

पुढच्या वर्षी विमानं सुरू झाली आणि त्यांनी जायचा हट्ट धरला. मुंबईला माझा भाऊ उतरवून घेणार होता. विमानतळावर तेव्हा फक्त प्रवाशांनाच आत घेत, म्हणून चाकाची खुर्ची ढकलणारा माणूस दाराशीच आला. धिप्पाड, पिकल्या केसांचा, मास्क नाकाखाली घसरलेला. त्याने बाबांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या पायाकडे पाहिलं, आणि खाली वाकून विचारलं, “आर यू इन पेन, सर?”

“येस,” बाबा म्हणाले. “व्हेरी मच. ऑल द टाइम.”

डोळ्यांतल्या पाण्याने बाबांचा मास्क भिजला. त्या माणसाने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, “वुई विल गेट यू अ पिलो,” म्हणाला, आणि बाबांनी तो हात सोडलाच नाही, एका हाताने खुर्ची ढकलत त्याला आत जावं लागलं. मागे वळून पाहायचं त्यांना सुचलं नाही.

बाबा त्यानंतर फार दिवस काढू शकले नाहीत. फोनवर मी विचारायचो आणि ते ‘ठीक आहे’ म्हणायचे. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. त्याचे आभार मानायला हवे होते, असं बायको म्हणते. मला मात्र आजही त्याचा राग येतो, आणि हेवा वाटतो. मी जन्मभर जे मागत राहिलो, ते त्याने नुसतं विचारलं आणि त्याला मिळालं.