आत्याचं नाव असलेलं कार्ड

आत्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. सक्करदऱ्याला आमच्या घरी ती अकरा वर्षांपासून राहते, पण आमच्या रेशनकार्डात तिचं नाव नाही. तिच्या लग्नानंतर बाबांनीच ते कमी करून घेतलं होतं. नवरा गेल्यावर ती परत आली. नाव मात्र भिवापूरला, सासरच्या कार्डात राहिलं. तिथून काढलं तर तिचा तिथला हक्कच संपेल, असं बाबांना वाटायचं.

हॉस्पिटलमधला सरकारी योजनेचा माणूस म्हणाला, "कार्ड कोणत्याही रंगाचं चालते. पण पेशंटचं नाव पाहिजे. मूळ कार्ड आणा, नाहीतर ऑपरेशन योजनेत बसणार नाही."

बाबा त्या घराशी बोलत नव्हते. आत्याच्या मोठ्या दिरांना फोन मला करावा लागला. काय बोलायचं ते मी आधी कागदावर लिहून घेतलं.

"हॅलो, अंकल..."

"अंकल कोण वं? काका म्हण. इंग्लिश शाळेत काका-मामा नाही शिकवत का?"

मी कागदावरचं सगळं वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दीर पहिल्या बसनं हॉस्पिटलात आले. प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड होतं. तिसऱ्या ओळीत आत्याचं नाव.

"इतकी वर्षं ठेवलं तुम्ही," बाबा म्हणाले.

"नाव काटून काय करतो? तिच्या वाटचं धान्य येत होतं ना. आता काहून असा पाहून राहिला? काटलं असतं तर आज काय केलं असतं गा?"

मला राग यायला हवा होता. मी झेरॉक्स काढायला गेले.

"पेशंट तुमच्याच घरी राहते ना?" योजनेच्या माणसानं दिरांना विचारलं.

"हो," दीर म्हणाले. बाबांनीही मान हलवली.

संध्याकाळी मंजुरी आली.

"कार्ड दे वं पोरी. या महिन्याचं धान्य उचलायचं आहे."

मी दिलं. ते वॉर्डच्या दारापर्यंत आले, तिथूनच "येतो" म्हणाले आणि गेले.

तिच्या वाटच्या धान्याचं मी आत्याला सांगितलं.

"सकाळी ऑपरेशनला किती वाजता नेतील मले?"

"आठला."

"म्हणजे चहा नाही," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.