एक दिवस फेडायला आलेली बाई

राहनाळला आमचं शेत होतं तिथे आता गोदाम आहे. शेत गेल्यापासून मला घरात बसवत नाही. केर दोनदा काढते, धुतलेली भांडी पुन्हा धुते. तरी वेळ उरला की शेअर रिक्षाने धामणकर नाक्यावर जाऊन काही न घेता परत येते. चौथीपर्यंत शिकले, वाचता येतं, पण वाचायलासुद्धा बसावं लागतं.

मुलगा पेरू देशात रस्त्याच्या कामावर इंजिनियर आहे, सूनही तिकडेच असते. तो मला दोन महिने तिकडे घेऊन गेला. डोंगरावरचा मुलूख, इतका उंच की चार पावलं चाललं की धाप लागते. आंबा नाही, नारळ नाही, भात तर नाहीच. उतारावर शेताच्या अरुंद पट्ट्या, त्यात बटाटे. वर उघडे डोंगर, त्याच्याही वर बर्फ. माणसं बुटकी, काटक, गाल थंडीने फुटलेले. बायका हॅट घालतात आणि मूल, चारा, बियाणं, सगळं एका रंगीत कापडात पाठीवर बांधतात. त्यांची भाषा केचुआ. सुनेला बाजारापुरती स्पॅनिश यायची, घराशेजारच्या शेतकरी बाईलाही तेवढीच. मला दोन्ही भाषा येत नव्हत्या.

खोलीच्या खिडकीतून या शेजारणीचं शेत दिसायचं. एका सकाळी ती आणि तिचा नवरा बटाटे लावायला लागले. तो पायाने दाबायचं लांब लाकडी हत्यार जमिनीत घुसवायचा, ती ढेकूळ हाताने उलटवायची. बियाणं टाकायला तिसरं कुणी नव्हतं. मी मुलाचे बूट घातले, कुंपण ओलांडलं आणि टोपली उचलली. संध्याकाळपर्यंत बटाटे टाकत होते. दम लागला की वाकूनच थांबायची.

मुलगा चिडला. "आई, तू पाहुणी आहेस इथं. लोक म्हणतील, इंजिनियरची आई मजुरीला जाते."

"मजुरी कुठं घेतली? फुकट तर केलं."

तेच चुकलं. तिकडे फुकट काम नसतं. कुणी आपल्याकडे एक दिवस राबलं, की त्याच्याकडे एक दिवस राबून द्यायचं. पैसे चालत नाहीत. फेडलं नाही, तर पुढे त्या घरच्या कामाला गावातलं कुणी येत नाही. हे मला सुनेने सांगितलं, पण फार उशिरा, शेजारीण रोज दारात येऊन उभी राहायला लागल्यावर. मी परत जाणार हे तिला कळलं होतं.

"काय म्हणते ही?"

"काम द्या म्हणते, आई."

"काय काम न्हाय म्हणावं. जा म्हणावं."

सुनेने सांगितलं. बाई हलली नाही. मी तिला फसवलंय अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

"विचारते, शेत नाही तर दिवसभर करता काय तुम्ही?"

मी आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

निघायच्या दोन दिवस आधी ती कुदळ घेऊनच आली. घरामागे घरमालकाची दगडगोट्यांची पडीक जागा होती. सून त्याला विचारून आली, तो म्हणाला खणा. बाईने खणायला सुरुवात केली, तशी मी दगड वेचायला वाकले. तिने माझ्या हातातला दगड काढून घेतला आणि दंडाला धरून मला पायरीवर बसवलं.

सून हसू दाबत म्हणाली, "तुम्ही हात लावलात तर तेवढं काम तुमचं धरलं जाईल. मग तिचं फिटणार नाही. गप बसा म्हणते."

मी बसले. पाच मिनिटांत उठले. तिने कुदळ खाली टाकली आणि नुसती उभी राहिली. मी परत बसले, हात मांडीखाली दाबून धरले. नवरा वारला त्या दिवशीसुद्धा मी म्हशींचं शेण काढलं होतं. दुसऱ्याचं काम बघत बसणं माझ्याने कधी झालं नव्हतं. तिने दगड काढले, माती फोडली, पाच सऱ्या ओढल्या, बटाटे लावले. दुपारी सुनेने दोघींना जेवायला दिलं. जेवून ती कामाला लागली आणि मी पुन्हा पायरीवर.

संध्याकाळी तिने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"फिटलं का, विचारते," सून म्हणाली.

"शेवटची सरी वाकडी हाय."

"आई! हे कसं सांगू मी तिला?"

मी बोटाने दाखवलं. बाईने वाकून पाहिलं, हॅट मागे सारली, ती सरी मोडली आणि सरळ ओढली. मग मी मान हलवली. तेव्हा कुठे ती पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसली.