वस्तरा खणात ठेवल्यावर

बापाने धंदा शिकवताना न्हाव्याला एक नियम घालून दिला होता: गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असताना पैशाचा विषय काढायचा नाही. मान आपल्या हातात देणारा माणूस निर्धास्त असला पाहिजे.

शाळेपासूनचा मित्र लंब्या याला हा नियम पाठ होता. मुलीच्या फीसाठी त्याने न्हाव्याकडून साठ हजार नेले होते. "दोन महिन्यांत देतो. लिहून देऊ का?"

"आपल्यात कसलं लिहिणं?"

त्याला दोन वर्षं झाली. लंब्या दर रविवारी दाढीला येई, खुर्चीत टेकताच डोळे मिटून घेई आणि टॉवेल झटकायच्या आत "येतो रे" म्हणत बाहेर पडे.

"जगाला दमात घेता, याच्यापुढेच दातखीळ बसते तुमची," बायको म्हणायची.

मग मालकाने गाळ्याची अनामत वाढवली. महिनाअखेर भरा, नाहीतर गाळा खाली करा. कमी पडत होते ते लंब्याकडेच अडकले होते.

त्या रविवारी न्हाव्याने दाढी पुरी केली, वस्तरा धुतला, पुसला, खणात ठेवला. बाकावर दोन गिऱ्हाइकं होती, म्हणून तो लंब्याच्या कानाशी वाकला. "या महिन्यात जमेल का? गाळा जातोय रे."

"एवढंच ना? बघतो की!" लंब्या हसला.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की गळ्यावर वस्तरा धरून चारचौघांत पैसे मागितले. लंब्याचा मेहुणा रस्त्यात अडवून म्हणाला, "मागायचीही रीत असते, राव." बाकावरच्या दोघांनी तोंडातून ब्र काढला नाही. लंब्याने बोलणं टाकलं. रुसून बसल्यावर उसने फेडायचा प्रश्नच मिटला.

गाळा गेला. न्हावी आता बाजारातल्या मोठ्या सलूनमध्ये तिसऱ्या खुर्चीवर पगारी आहे.

परवा तिथे लंब्या आला. बाकीच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. "नुसती दाढी," तो आरशाकडे बघत म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. न्हाव्याने फेस लावला, वस्तरा उघडला. गळ्याखाली एक खुंट राहू दिला नाही.

काउंटरवर बिल देऊन लंब्या परत आला आणि न्हाव्याच्या खिशात एक नोट सरकवली. "राहू दे रे तुला. मालकाला सांगू नकोस."

पन्नासची होती. न्हाव्याने ती मनातल्या मनात साठ हजारांतून वजा केली आणि टॉवेल झटकला.