कोंडलेली सासू

माझं माहेर पेणचं. बारावीपर्यंत शिकले, त्यात माझी हुशारी काही नाही. आळीतल्या सगळ्या पोरी शाळेत जायच्या, मी एकटी घरी बसून काय करणार? लग्न होऊन गडबजवळच्या एका गावात आले, तर सासू शाळेची पायरीही न चढलेली. तिच्या मैत्रिणींतली एकही तिसरीच्या पुढे गेली नव्हती.

भातलावणीत मात्र सासूचा हात धरणारं गावात कुणी नाही. जिचा हात हळू चालतो तिच्या चारी बाजूंनी रोपं लावून तिला मधोमध कोंडायचं आणि सगळ्यांनी ओरडायचं, अशी आमच्याकडची रीत. पहिल्या पावसाळ्यात तिनं मला कोंडलं. "शिकलेलीला चिखल चावतो काय गो?" मी रडले, ती पोट धरून हसली. ते मी विसरलेले नाही.

तिला हौस एकच. देवळातल्या भजनात पुस्तक उघडून पुढे बसायचं. आवाज खणखणीत, पण वाचता येत नाही म्हणून तिला टाळ देऊन मागे बसवत.

गेल्या वर्षी शाळेत संध्याकाळी प्रौढांचा वर्ग सुरू झाला. शिकवणारी मुलगी रोह्याहून यायची. भजनातली पुढारीण तेवढी सातवी झालेली, पण सोबतीला तीही बसायची. ती म्हणाली चला, तशा बायका निघाल्या. सासूही निघाली.

बाकीच्यांनी लहानपणी निदान पाटी गिरवली होती, त्यांची बोटं पटकन वळली. सासूचा 'क' आडवा पडायचा. एके दिवशी सगळ्यांचं लिहून झालं, हिचं नाही. पुढारणीनं खूण केली. बायका पाट्या घेऊन हिच्या चारी बाजूंनी बसल्या आणि ओरडल्या, "कोंडली गो, कोंडली!" शिकवणाऱ्या मुलीला तो खेळ वाटला. तीही टाळ्या पिटून हसली.

सासूनं घरी येऊन पाटी माळ्यावर भिरकावली. खोटं कशाला बोलू, मला गार वाटलं.

शिकवणारी मुलगी समजूत घालायला घरी आली. "मावशी, त्यांच्याकडे बघू नका. तुम्हाला एकटीला शिकवते."

"नि वाचू कुनापुढं?" सासू म्हणाली. "भजन काय एकटीनं करतात?"

यंदाच्या लावणीत सासूनं पुढारणीला असं कोंडलं, की ती बाई चिखलातच बसली. सासू एकटीच ओरडली.

त्या आठवड्यात ती भजनाला गेली, तर तिचे टाळ दुसरीच्या हातात होते.